अग्निरोधक भिंत, सिमेंटचा पत्रा आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू

थंडीच्या दिवसांत शेकोटी पेटली म्हणजे मुलांना जे नाना उपद्व्याप सुचतात, त्यांतला एक कोकणात, देशावर आणि अणशीसारख्या घाटमाथ्यावरील अरण्यवेष्टित गावांतही सारखाच ठाऊक आहे. गोठ्यावरून किंवा न्हाणीघरावरून निखळलेला सिमेंटच्या पत्र्याचा एखादा तुकडा निखाऱ्यांत सारायचा, चार पावले मागे सरून उभे राहायचे, आणि थोड्याच वेळात मोठा बार होऊन त्याच्या कपच्या चहूकडे उडाल्या की टाळ्या पिटायच्या. वडीलधारी माणसे रागावतात ती कपची डोळ्यांत जाईल म्हणून, आणि ते रास्तच आहे. परंतु या खेळात एक कोडे दडलेले आहे, ज्याचा विचार रागावणारेही सहसा करीत नाहीत. हा पत्रा म्हणजे काही लाकूड नव्हे की झापही नव्हे. तो ज्या खनिजाच्या आधाराने उभा राहतो त्या ॲस्बेस्टॉसची ख्याती आगीला न जुमानणारा पाषाण अशी आहे. त्याच्या विणलेल्या वस्त्रांचे पोशाख घालून अग्निशामक दलाचे लोक ज्वाळांत शिरत असत, आणि आगगाडीच्या इंजिनांना व जहाजांच्या तापलेल्या नळ्यांना त्याचेच वेष्टन गुंडाळलेले असे. मग मातीची भिंत जिथे मुकाट्याने तापत राहते आणि भाजलेले कौल जिथे जसेच्या तसे टिकते, तिथे हा अग्निरोधक म्हणविणारा पत्रा का फुटावा?

कोड्याचे उत्तर पत्र्यातील पाण्यात आहे. तेच पाणी दुसऱ्या एका वस्तूत, जिप्समच्या अग्निरोधक भिंतीत, शत्रूऐवजी मित्र म्हणून कसे वागते हे पाहिले, म्हणजे ॲस्बेस्टॉस नेमके काय काम करीत होते आणि त्याची किंमत कोणी मोजली याचाही उलगडा होऊ लागतो.

कौल गेले, पत्रा आला

१८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि पुढील काळात किनाऱ्याने व घाटवाटांनी ती लाल मंगलोरी कौले उत्तर कानडा जिल्ह्यात, म्हणजे १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईच्या अंमलाखाली असलेल्या आमच्या या मुलखात, घरोघर पोहोचली. कौलांचे छप्पर सुंदर, थंड आणि दीर्घायुषी खरे. पण ते जड असते, त्याला वासे, रिपा आणि कोने यांचे भक्कम लाकूड लागते, दर वर्षी पावसापूर्वी शाकारणी करावी लागते, आणि वानरांची एक टोळी छपरावरून धावत गेली की वर्षभराची मेहनत अर्ध्या घटकेत फुटते. ज्या तालुक्यात रान सभोवार असूनही लाकडाच्या प्रत्येक ओंडक्यासाठी जंगल खात्याच्या दप्तराकडे पाहावे लागते, तिथे कौलांच्या निम्म्याहूनही कमी भाराचा, थोडक्या लाकडावर बसणारा, गंज न धरणारा आणि एका दिवसात चढवून होणारा पत्रा लोकांनी आनंदाने पत्करला यात त्यांचा काही दोष नाही. लोखंडी पत्र्यासारखा पावसात तो कानठळ्या बसवीत नाही, हाही गुण चार महिने पाऊस झेलणाऱ्या गावात लहान नव्हे.

हा पत्रा लुडविग हाचेक या ऑस्ट्रियन कारखानदाराने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर शोधून काढला, आणि त्यासाठी त्याने वापरलेले यंत्र होते कागद बनविण्याचे. ॲस्बेस्टॉसचे तंतू आणि सिमेंट पुष्कळ पाण्यात कालवून तो पातळ काला फिरत्या जाळीच्या पिंपावर उचलायचा, पाणी निथळू द्यायचे, आणि उरलेले पापुद्रे एकावर एक गुंडाळून हवी ती जाडी झाली की दाबून, नालीदार आकार देऊन वाळवायचे. दांडेलीच्या कागद कारखान्यात ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली आहेत त्यांना ही कृती परकी वाटणार नाही. हिंदुस्थानात हा उद्योग १९३४ साली मध्य प्रांतातील कैमोर येथे सुरू झाला आणि पुढे मुंबईजवळ मुलुंडलाही त्याचा कारखाना निघाला.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते ते शेकडा ८ ते १०. बाकी सारे सिमेंट, राख आणि थोडा लगदा. एवढे अल्प प्रमाण आगीसाठी घातलेले नाही. सिमेंट दाबाला अत्यंत बळकट, पण ओढीला आणि वाकण्याला अगदीच दुबळे; नुसत्या सिमेंटचा सहा मिलिमीटर जाडीचा तक्ता माणसाने उचलताच मोडेल. तंतू घातले जातात ते त्याला वाकण्याचे बळ यावे म्हणून. म्हणजे आपल्या छपरावरील ॲस्बेस्टॉसने अग्निरक्षणाचे काम कधी केलेच नाही; तो लौकिक त्याने आपल्या जातभाईंकडून उसना घेतला.

पत्र्यातील पाणी

सिमेंट वाळते असे आपण म्हणतो, पण ते वाळून घट्ट होत नसून पाणी पिऊन घट्ट होते. निथळून उरलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा सिमेंटच्या नव्या संयुगांत कायमचा बांधला जातो, आणि काही पाणी सूक्ष्म छिद्रांत अडकून राहते. पत्रा निखाऱ्यांत पडला की ते दोन्ही प्रकारचे पाणी वाफ होऊ पाहते. मातीची भिंत सच्छिद्र असते, तिच्यातून वाफ सुटते. कौल भट्टीत आधीच भाजून निघालेले, त्यात पाणी उरलेलेच नसते. पत्रा मात्र दाबून घट्ट केलेला, आणि त्याला वाट नाही. आतला वाफेचा दाब पृष्ठभागाच्या ताकदीवर मात करतो, आणि बार होतो. घराला आग लागली असता छपरावरचे पत्रे एकामागून एक फुटत जातात ते याच कारणाने.

पाण्याने राखलेली भिंत

आता दुसऱ्या भिंतीकडे वळू. शहरांतल्या कचेऱ्यांत दोन दालनांमध्ये जो पांढरा, ठोकला असता पोकळ वाजणारा तक्ता उभा असतो, तो जिप्समचा. जिप्सम हे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या स्फटिकात पाण्याचे रेणू पक्के बसलेले असतात. वजनाने मोजले तर ते पाणी जवळजवळ शेकडा २१ भरते. हात लावला तर कोरडा लागणाऱ्या या तक्त्याच्या एका चौरस मीटरमध्ये, तक्ता दहा किलोंचा धरला तर, दोन लिटर पाणी दडलेले असते.

खोलीत आग भडकली की तक्त्याचे तापमान शंभर अंशांपर्यंत चढते आणि तिथे अडून बसते. भाताच्या पातेल्यात पाणी शिल्लक आहे तोवर खालचा जाळ कितीही वाढवा, भात करपत नाही, कारण आलेली सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. करपण्याला सुरुवात होते ती पाणी आटल्यावर. जिप्समची भिंत हेच करते. खोलीच्या तापमानाचे पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते तिच्या सुमारे सातपट उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते, आणि हा सारा खर्च आगीच्या खात्यावर पडतो. जिप्सममधून वाफ हळूहळू, थरामागून थर सुटत जाते, म्हणून तो पत्र्यासारखा फुटत नाही; आणि ती सुटत असेपर्यंत भिंतीच्या पलीकडील बाजूचे लाकूड पेट घेत नाही.

अडचण येते ती पाणी संपल्यावर. निर्जल झालेला जिप्सम आकसतो, त्याला तडे जातात, आणि तक्ता भुगा होऊन खाली येतो. त्याचे अंग अर्धा तास, तास धरून ठेवायला काहीतरी तंतुमय द्रव्य हवे. काही जुन्या अग्निरोधक तक्त्यांत हे काम ॲस्बेस्टॉसकडे सोपविले गेले, आणि त्याहून कितीतरी अधिक ॲस्बेस्टॉस गेले ते दोन तक्त्यांमधील सांधे भरण्याच्या लांबीत. ती लांबी वाळली की कारागीर पॉलिशकागदाने घासून सफाईदार करी, आणि घासताना उडालेला पांढरा धुरळा त्याच्या छातीत जाई. अमेरिकेत अशा लांबीवर १९७७ साली मनाई झाली. तेव्हा न्यू जर्सीत किंवा शिकागोत त्याआधीचे घर विकत घेऊन त्याच्या भिंती पाडायला निघालेल्या मराठी कुटुंबांनी हातोडा उचलण्यापूर्वी त्या लांबीचा नमुना तपासून घ्यावा हे बरे. ब्रिटनमध्ये याहून घातक तक्ते वापरात होते: आगीला अडविण्यासाठी खास बनविलेल्या, भुसभुशीत आणि सहज भुगा होणाऱ्या त्या तक्त्यांत तपकिरी ॲस्बेस्टॉस मोठ्या प्रमाणावर असे. जुन्या जहाजांच्या खोल्यांच्या भिंतीही अशाच बांधीत, आणि म्हणूनच मुंबईच्या दारूखान्यात किंवा गुजरातेत अलंगला जहाज फोडणाऱ्या कामगारापुढे हा प्रश्न आजही उभा असतो. फ्रान्सची क्लेमांसो ही विमानवाहू नौका २००६ साली अलंगच्या वाटेवरून परत बोलावली गेली ती तिच्या पोटातील ॲस्बेस्टॉसमुळेच.

अग्निरोधक भिंतीत आग रोखण्याचे काम पाण्याने केले आणि ॲस्बेस्टॉसने केवळ भिंतीचे अंग धरून ठेवले. हे दुसरे काम काचेचे तंतूही उत्तम करतात, आणि आजच्या अग्निरोधक जिप्सम तक्त्यांत तेच असतात. एवढे भयंकर द्रव्य ज्या कामासाठी घरात आणले ते काम करायला दुसरा नोकर मिळत होता, हे या प्रकरणातले मला सर्वांत विषाद वाटणारे सत्य आहे.

तंतूंची जात

ॲस्बेस्टॉस हे एकच खनिज नव्हे; सहा निरनिराळ्या खनिजांना ते नाव मिळाले आहे. त्यांतील पांढरे, म्हणजे क्रायसोटाइल, हे जगात सर्वाधिक वापरले गेले आणि आपल्या पत्र्यांतही तेच असते. निळे आणि तपकिरी हे दुसऱ्या कुळातले. क्रायसोटाइलची घडण मोठी चमत्कारिक आहे. त्याचा प्रत्येक पापुद्रा दोन थरांचा असतो, एक सिलिकाचा आणि एक मॅग्नेशियमचा, आणि या दोन थरांची मापे एकमेकांशी नेमकी जुळत नाहीत; मोठा थर लहानाशी जखडला गेल्यामुळे पापुद्रा सपाट राहू शकत नाही, तो वळतो आणि वळत वळत त्याची पोकळ नळी होते. अशा एका नळीचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर भरतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा अडीच-तीन हजारावा हिस्सा. लाखो नळ्यांची जुडी म्हणजे आपल्याला दिसणारा तंतू. तो कुटला तर आडवा तुटत नाही, उभा चिरत जातो, आणि प्रत्येक चीर पहिल्यापेक्षा बारीक, हवेत अधिक वेळ तरंगणारी आणि श्वासाबरोबर अधिक खोल जाणारी असते.

हा तंतू अगदीच अविनाशी आहे असेही नाही. त्याच्याही रेणूत पाणी बांधलेले आहे, आणि सहाशे-सातशे अंशांच्या पुढे ते सुटून तो ठिसूळ होतो. पण ज्या काळी सातशे अंश मोजायचे साधन नव्हते त्या काळी आगीत टाकलेले कापड शुभ्र होऊन बाहेर येते हे पाहून माणसे थक्क झाली नसती तरच नवल. असले कापड आगीत राहणाऱ्या सालमांडर नावाच्या प्राण्याच्या लोकरीचे असते अशी युरोपात समजूत होती. तेराव्या शतकात मार्को पोलोने ते प्राण्याचे नसून डोंगरातून खणून काढलेल्या खनिजाचे असते असे ठासून लिहिले. प्रवासवर्णनांत थापा पुष्कळ असतात, हे मात्र खरे निघाले.

छातीत काय घडते

आपल्या फुप्फुसांत आलेली धूळ उचलून नेण्यासाठी भक्षक पेशींचे एक पथक कायम तैनात असते. या पेशी एखाद्या कणाला वेढून गिळतात आणि त्याचा निकाल लावतात. त्यांचा स्वतःचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या दहा-वीस पटींत असतो, आणि ॲस्बेस्टॉसचा तंतू पुष्कळदा त्याहून लांब निघतो. पेशी त्याला एका टोकाने गिळू लागते, पण दुसरे टोक बाहेरच राहते. या फसलेल्या प्रयत्नात तिच्यातील दाहक द्रव्ये भोवतालच्या ऊतीवर सांडतात, ती मरते, आणि तिच्या जागी दुसरी पेशी येऊन तोच खटाटोप आरंभते. ही झटापट वर्षानुवर्षे चालते. जखमेच्या जागी व्रण धरत जातात, स्पंजासारखे मऊ असलेले फुप्फुस हळूहळू कठीण होत जाते, आणि घाट चढताना लागणारा दम पुढे अंगण ओलांडतानाही लागू लागतो. या विकाराला ॲस्बेस्टोसिस म्हणतात. याच तंतूंमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसाच्या वेष्टनाचा मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोगही होतो, ज्याचे निदान तंतू छातीत गेल्यावर कित्येकदा तीस-चाळीस वर्षांनी होते.

ही दीर्घ मुदत हीच या व्याधीची खरी फसवणूक. इंग्लंडात रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस गिरणीत काम केलेली नेली कर्शॉ १९२४ साली वारली, आणि तिच्या फुप्फुसांची तपासणी करणाऱ्या डॉ. कुक यांनी पुढे १९२७ साली या रोगाला त्याचे नाव दिले. १९६० साली डॉ. वॅगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या मुलखातून मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदविले, आणि त्यांतील पुष्कळांनी खाणीत कधी पाऊलही ठेवलेले नव्हते. त्या मुलखात राहणे, तिथे बाळपण काढणे एवढाच त्यांचा संबंध होता. धूम्रपानाची जोड मिळाली की संकट बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. अमेरिकेतील १९७९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासानुसार, धूम्रपान न करणाऱ्या आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध नसलेल्या माणसाच्या मानाने फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका ॲस्बेस्टॉसच्या कामगाराला सुमारे पाचपट, नुसते धूम्रपान करणाऱ्याला सुमारे अकरापट, आणि दोन्ही करणाऱ्याला पन्नासपटीहून अधिक आढळला. विडी ओढणाऱ्या सुताराने हा आकडा दोनदा वाचावा.

आपल्याकडेही दाखले आहेत. मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस गिरणीतील १८१ कामगारांची तपासणी करून डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी २००५ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात शेकडा २२ कामगारांच्या क्ष-किरण चित्रांत ॲस्बेस्टोसिसच्या खुणा दिसल्या.

कायदा आणि कचेरी

ॲस्बेस्टोसिस हा कायद्याने कळविणे बंधनकारक असलेला रोग आहे, आणि २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या निकालात कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवून, प्रत्येक कामगाराच्या आरोग्याचे दप्तर नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांत जी मुदत उशिरा संपेल तिथपर्यंत जपून ठेवण्याचा हुकूम कारखान्यांना दिला. तीस-चाळीस वर्षे दबा धरणाऱ्या रोगाला ही मुदत साजेशी आहे. मात्र संपूर्ण बंदी मागणारी याचिका त्याच न्यायालयाने २०११ साली फेटाळली. ब्रिटनने १९९९ साली आणि युरोपीय संघाने २००५ साली सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला मनाई केली, आणि क्रायसोटाइलच्या बाबतीत अमेरिकेने २०२४ साली तोच मार्ग धरला. आपल्या सरकारने १९८६ साली नवे खाणपट्टे देणे थांबविले, पण रशिया आदी देशांतून माल येतच राहिला, आणि आज जगात ॲस्बेस्टॉस आयात करणाऱ्यांत आपला देश अग्रभागी आहे. स्वतःच्या डोंगरातून काढायला नको, पण दुसऱ्याच्या डोंगरातून आणायला हरकत नाही, या न्यायाचे समर्थन मला तरी जमत नाही. पांढरे ॲस्बेस्टॉस निळ्याहून सौम्य असून काळजीपूर्वक वापरता येते असे उद्योगाचे म्हणणे. ते निळ्याहून कमी घातक आहे हे मान्य केले तरी, जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगविषयक संस्था सर्वच प्रकारांना माणसात कर्करोग निर्माण करणारे ठरवते, आणि काळजीपूर्वक वापर कारखान्याच्या फाटकापर्यंत कदाचित शक्य असेल, अणशीच्या घाटात ट्रकमधून उतरलेला पत्रा शिडीवर बसून कापणाऱ्या गवंड्यापर्यंत तो पोहोचत नाही.

छपराखाली राहणाऱ्यांसाठी

घरावर सिमेंटचा पत्रा आहे म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. शाबूत पत्र्यात तंतू सिमेंटात जखडलेले असतात, आणि त्याच्या छायेत झोपणाऱ्यापेक्षा तो कापणाऱ्याला, भोके पाडणाऱ्याला, फोडणाऱ्याला कितीतरी अधिक धोका असतो. पण पाऊस आणि हवेतील कर्बवायू मिळून वर्षानुवर्षे सिमेंट विरघळवत राहतात. चार महिने ओल्या राहणाऱ्या आमच्या या भागात पत्र्यावर शेवाळ चढते, वरचा पापुद्रा खरखरीत होतो, आणि नख लावले तर राखाडी पूड येते. त्या पुडीत तंतू मोकळे असतात. शेवाळ तारेच्या ब्रशाने घासून काढणे हा अशा वेळी सर्वांत वाईट उपाय.

चौकट : पत्र्याला हात लावण्यापूर्वी
पत्रा कोरडा कापू नये. यंत्राच्या चकतीने तर मुळीच नाही. काढायचाच झाल्यास आधी भरपूर पाणी मारून भिजवावा, अख्खा उतरवावा, वरून खाली फेकू नये. नाकातोंडाला कापड बांधल्याने तंतू अडत नाहीत, त्यासाठी बारीक कण अडविणारा मास्क लागतो. जमिनीवरची पूड ओल्या फडक्याने टिपावी, केरसुणीने झाडू नये. फुटके तुकडे वाटेवर भर म्हणून, चुलीच्या आडोशाला किंवा शेकोटीत वापरू नयेत. ते ओले करून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत. कामाचे कपडे घरातल्या इतर कपड्यांत धुवू नयेत. जुन्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, फळ्या टाकून चालावे. पत्रा मोडून खाली पडणे हा ॲस्बेस्टोसिसहून जवळचा धोका आहे.

नवे छप्पर घालायचे ठरविणाऱ्याला माझे सांगणे असे, की लाकडाचा परवाना आणि खर्च यांचा मेळ बसत असेल तर कौलेच घ्यावीत. नसेल बसत, तर लगदा आणि कृत्रिम धाग्यांचे ॲस्बेस्टॉसविरहित सिमेंटचे पत्रे निघतात, ते दुकानदाराकडे नावानिशी मागावेत आणि पावतीवर तसे लिहून घ्यावे.